रस बरा आहे

आमच्या कारखान्यात आंब्याच्या साली सुतक पाळतात. रस डब्यात बंद झाला आणि डबा उकळून निघाला, की सालींच्या लेखी तो गेला. त्यानंतर दहा दिवस त्या कुणालाही शिवत नाहीत. एरवी साली शिवल्या नाहीत म्हणून कुणाचं काही अडलं नसतं, पण आमच्याकडे सालींपासून खाता येणारं वेष्टन करतात, आणि वेष्टनाचं तर कामच दुसऱ्याला शिवण्याचं.

वेष्टन म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण माझ्या बायकोलासुद्धा ते पहिली दोन वर्षं समजलं नव्हतं. रस काढला की साली आणि बाठे उरतात. पूर्वी ते मागच्या खड्ड्यात टाकत आणि मे महिनाभर अख्खी वाडी नाकाला पदर लावून फिरे. आता साली तीन दिवस लिंबाच्या पाण्यात मुरवतात, मग शिजवून, वाटून, त्यात बाठ्याचं पीठ घालून ताटांवर पसरतात. आंब्याचं साठ, म्हणजे आंबापोळी, घालतात तसंच, फक्त इतकं पातळ की खालचं ताट दिसावं. वाळलं की पिवळसर पापुद्रा सुटतो. तो काकडीला, ढोबळी मिरचीला, पेरूला गुंडाळला की माल आठ-दहा दिवस टवटवीत राहतो, आणि गिऱ्हाईक तो वेष्टनासकट खातं. ताटं घालायला चाळीस बायका आहेत. हंगामात पापुद्रे पुरेसे जमले, तर त्यांना गुंडाळण्याचं काम गणपतीपर्यंत मिळतं. नाही जमले, तर जूनमध्ये घरी.

पहिल्या वर्षी पापुद्रे काकडीवर राहीनात. गुंडाळला की घसरे. पुण्याहून प्रयोगशाळेच्या बाई आल्या. त्यांनी ओलावा मोजला, आंबटपणा मोजला, सगळं बरोबर निघालं आणि त्या परत गेल्या. मग ताटांवरच्या मुकादम अनसूयाबाई खवणेकर एकदा टाकीत वाकून बघत राहिल्या. साली पाण्यात एकमेकींपासून हातहातभर अंतर ठेवून होत्या. बाई सरळ झाल्या आणि व्यवस्थापकांना म्हणाल्या, "सायबानू, ह्यांका सुतक लागला. तुमी उगाच पुण्याच्या बायचो खर्च केलास."

व्यवस्थापक प्रभुदेसाई साहेब हा नियमाने चालणारा माणूस. त्यांनी पराडकर गुरुजींना गाडी पाठवली. गुरुजींनी टाकी पाहिली, हात धुतले, आणि विचारलं, "साल रसाची कोण?"

यावर कार्यालयात पाऊण तास चर्चा झाली. शेवटी दोघंही एकाच देठाची, म्हणून भाऊबंद ठरली आणि पूर्ण दहा दिवस लागू झाले. साली तर चौथ्या दिवशी कुजतात. साहेबांनी विचारलं, यातून काही मार्ग?

"सुतक वार्ता कानावर आल्यापासून लागतं," गुरुजी म्हणाले. "घरात लग्न तोंडावर आलं, की लांबच्या भाऊबंदाची बातमी चार दिवस कळवत नाहीत. तुम्ही करता, आम्ही करतो. कानावर आलीच नाही, तर लागलं नाही."

"पण त्यांनी ओळखलं तर?"

"अंदाजाला सुतक नाही."

हे वाक्य साहेबांनी लिहून घेतलं आणि खाली गुरुजींची सही घेतली. पुढे मुंबईच्या कार्यालयातल्या वकिलांनीही दुजोरा दिला. डब्यावर 'अठरा महिन्यांपर्यंत उत्तम' असं छापलेलं असल्यामुळे तोवर रस गेला असं म्हणताच येत नाही, सबब सालींना तो बरा आहे असं सांगण्यात असत्य काही नाही, असं त्यांनी कळवलं. उंटावरून शेळ्या हाकायला मुंबईवाल्यांचा हात कुणी धरू नये.

मी तेव्हा बाष्पकावर, म्हणजे बॉयलरवर, होतो. माझं नाव दिगंबर धुरी. एकदा सोळा तासांची पाळी करून टाकीजवळची वाफेची चावी बंद करायला गेलो, तर टाकीतून आवाज आला, "आमचो रस खंय आसा?"

मी दमलो होतो. मी म्हटलं, "आसा थंय. बरो आसा."

"जेवलो?"

"जेवलो. आता निजलो हा. उठवू नकात."

त्या टाकीचा पापुद्रा काकडीला असा बसला की नखाने सोलून निघेना. आठ दिवसांत मला बाष्पकावरून काढून 'खुशाली सहायक' केलं. काम एवढंच, की सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला प्रत्येक टाकीपाशी जायचं, साली विचारतील त्याचं उत्तर द्यायचं, आणि कागदावर सही करायची. मी बोललो ती वाक्यं साहेबांनी परिपत्रकात घातली. बरा आहे, जेवला, निजला आहे, सध्या भेटायला सोडत नाहीत. यापलीकडे बोलायचं नाही असं वर लिहिलं.

ऐकायला काम हलकं वाटतं. गावात माझी चेष्टाही झाली. कुणी म्हणे दिगंबर आता सालींशी गप्पा मारायचा पगार घेतो. पण दिवसातून दोनदा, बारा टाक्यांपाशी, 'बरा आहे' म्हणून बघा. पहिल्या वर्षी मला रात्री जेवण जाईना. दुसऱ्या वर्षी जायला लागलं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

सालींचं समाधान सहजी होत नाही. एका टाकीने हट्ट धरला, की भेटल्याशिवाय आम्ही ऐकणार नाही. साहेबांची परवानगी घेऊन मी एक डबा नेला आणि टाकीवर धरून हलवला. आत डुबुक झालं.

"बोलना कित्याक नाय?" त्यांनी विचारलं.

"तोंड बंद केलेला आसा."

"कोणी?"

"डॉक्टरान."

त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि पटवून घेतलं. आजारी माणसाच्या घरचे लोक डॉक्टरचं नाव घेतलं की पटवून घेतात.

नियम हळूहळू वाढत गेले. साल वेष्टन होऊन काकडीवर चढली, की ती त्या घरची झाली, आणि दिलेल्या लेकीला माहेरचं सुतक तीनच दिवस, असं गुरुजींनी सांगितलं होतं. पण ते तीन दिवसही महागात पडतात, हे पुण्याच्या एका दुकानाने दाखवून दिलं. तिथल्या माणसाने गुंडाळलेल्या काकड्या आणि आमच्याच रसाचे डबे एका फळीवर मांडले. एका गिऱ्हाइकाने डबा हातात घेऊन बायकोला मोठ्याने विचारलं, "हा यंदाचा रस आहे की गेलेला?" त्याच्या मनात साल होतं, म्हणजे वर्ष. काकड्यांनी ऐकलं ते ऐकलं. दुपारपर्यंत सगळी वेष्टनं फळीवर उतरून बसली होती. तेव्हापासून दुकानांना लेखी सूचना जाते, की डबे आणि वेष्टनं समोरासमोर ठेवू नयेत आणि गिऱ्हाइकांनी हळू बोलावं.

दुसरा नियम माणसांचा. सुतकातल्या माणसाने टाकीला हात लावायचा नाही. बाष्पकावरचा एकजण चुलता वारला असताना चुकून कठड्याला टेकला आणि ती टाकी गेली. तेव्हापासून ज्याला सुतक लागेल त्याला तितके दिवस भरपगारी सुट्टी आणि फाटकाच्या आत बंदी. चांगला नियम आहे. मीच सुचवला होता.

या वर्षी हंगाम सुरू झाला त्याच आठवड्यात माझे थोरले बंधू, भाई, गोव्याच्या मोठ्या इस्पितळात भरती झाले. यकृताचं दुखणं होतं. आमचे वडील मी सहा वर्षांचा असताना गेले. भाई तेव्हा सतराचे. त्यांनी शाळा सोडून सुतारकाम धरलं आणि मला शिकवलं. मी जे काही आहे, ते भाईंनी दुसऱ्यांच्या घरांची दारं-खिडक्या बसवून केलेलं आहे. मला त्यांना जाऊन भेटायचं होतं, बाकी काही नको होतं. मी दोन दिवसांच्या रजेचा अर्ज दिला.

साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला. "धुरी, जा. मी नाही म्हणणार नाही. पण बदली कोण?"

पाठवणी विभागातल्या सुभाष तारीला एका सकाळसाठी उभं केलं. सुभाष उमदा माणूस. दशावतारात राजाचं काम करतो. टाकीने विचारलं तसा तो छाती काढून म्हणाला, "रस एकदम झकास आहे! काही काळजी करू नका!"

मग आतून हळूच कुणीतरी म्हणालं, "ह्यो इतको कित्याक आरडता?" त्या टाकीतला अर्धा माल गेला. खुशाली दमलेल्या आवाजात सांगावी लागते. ताज्या आवाजावर कुणी विश्वास ठेवत नाही. सुभाषला ते जमलं नाही, आणि आणखी दोघांना लावून पाहिलं, त्यांनाही जमलं नाही. साहेब म्हणाले, "हंगाम संपला की त्याच दिवशी निघा. माझी गाडी देतो." हंगामाचे चोवीस दिवस उरले होते. मी अर्ज परत खिशात घातला.

हंगामात मी कारखान्याच्या खोलीतच राहतो. बायकोला रोज दुपारी फोन करायचो. ती एक दिवसाआड गोव्याला जाऊन येत होती. सुरुवातीला तिच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असे. भाईंनी पेज टाकून दिली. नर्सबाईला म्हणाले, तुझी खाट कुणी केली, एका पायात वाळवी आहे. माझ्यावर चिडलेत, दिगंबराला भावापेक्षा साली जवळच्या झाल्या म्हणाले. हे ऐकून मला फार बरं वाटायचं. बोलणी खाऊन इतकं बरं वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग एका मंगळवारी मी विचारलं, "भाई कशे आसत?"

"बरे आसत."

"जेवले?"

"जेवले. निजले आसत आता."

"काय म्हणत होते?"

"काय नाय. बरे आसत."

मी फोन ठेवला आणि खोलीतल्या खाटेवर बसलो. मी या धंद्यातला माणूस आहे. बरा असलेला माणूस कशाबद्दल तरी कुरकुरतो, त्याला मीठ कमी लागतं, उशी टोचते. ज्याच्याबद्दल नुसतं 'बरा आहे' एवढंच येतं, त्याचं काय झालेलं असतं ते मला चार वर्षांत चांगलं पाठ झालं होतं. तरी मी स्वतःला म्हटलं, बाई दमली असेल.

बुधवारी मी विचारलं, देवपूजा झाली का. ती म्हणाली, शेजारचे बाळकाका करून गेले. आमच्याकडे शेजाऱ्याने पूजा करायची वेळ वर्षानुवर्षं येत नाही, आली तर एकाच कारणाने येते. मी विचारलं, "तू कित्याक नाय केलंस?" ती म्हणाली, "माजे गुडघे दुखतत." देवघरात उभं राहूनच पूजा करतात आमच्याकडे. मी बरं म्हटलं.

संध्याकाळी साहेबांच्या खोलीत गेलो. ते कसलासा कागद शोधायला लागले.

"साहेब, भाईंची काही बातमी?"

"बरे आहेत," साहेब म्हणाले. "सध्या भेटायला सोडत नाहीत."

साहेब पुण्याचे, शिकलेले. पण वाक्य त्यांनी परिपत्रकातलंच उचललं. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला ते काम किती जड जातं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार. मी नुसता दार ओढून घेऊन बाहेर आलो.

नंतरचे दिवस सगळा कारखाना माझ्याशी चांगला वागत होता. उपाहारगृहातला पोरगा न मागता चहात आलं घाली. मी आलो की साल काढणाऱ्या बायकांच्या गप्पा थांबत आणि एकदम वांग्याच्या भावावर जात. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण ती दीडशे माणसांनी मिळून झाकली होती आणि मी तिच्याभोवतीच हिंडत होतो. एकदा ताटांच्या शेडमध्ये अनसूयाबाई एकट्या दिसल्या. मी जवळ गेलो तशा त्या मागे सरल्या.

"धुरीनू, माका काय इचारू नकात. माका खोटा बोलूक येना नाय."

"मी इचारूक नाय, बाय."

"चाळीस बायो आसत माज्या." त्यांनी पदराने डोळे पुसले. "नायतर मी पयल्याच दिवशी तुमका सांगी होतंय. देवाशप्पत."

मी म्हटलं, ताटं उन्हात काढा, कडा ओल्या आहेत. त्या ताटं काढायला गेल्या.

रविवारी मी गुरुजींना फोन केला. नाव न घेता विचारलं, की एखाद्याला कुणी काही सांगितलेलं नाही, पण त्याला सगळं कळलेलं आहे, तर त्याचं काय?

गुरुजींनी आवाज ओळखला असणारच. "अंदाजाला सुतक नाही," ते म्हणाले. मग फोन ठेवता ठेवता त्यांनी पुस्ती जोडली. "रडू आलं तर त्याला मात्र शास्त्रात आडकाठी नाही, दिगंबर."

मी त्या दिवशी बाष्पकाच्या मागे जाऊन रडलो. तिथे आवाज मोठा असतो. पाचला तोंड धुतलं आणि टाक्यांवर गेलो. बाराच्या बारा टाक्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. आवाज दमलेलाच होता, त्यामुळे काही अडचण आली नाही. त्या आठवड्यातला पापुद्रा या चार वर्षांतला सगळ्यात चांगला आहे, असं प्रयोगशाळेच्या बाईंनी पत्राने कळवलं.

मंगळवारापासून बाराव्या दिवशी माझा पुतण्या मोहन फाटकावर आला. भाईंचा एकुलता एक मुलगा, वेंगुर्ल्याला वीजमंडळात आहे. रखवालदाराने आधी साहेबांना बोलावलं. मी टाकीपासून बघत होतो. मोहनच्या डोक्यावर केस नव्हते. उन्हात टाळू चकाकत होती. साहेबांनी घाईघाईने खिशातून कारखान्याची टोपी काढून त्याला घातली. आत येणाऱ्या प्रत्येकाने स्वच्छतेसाठी टोपी घालायची असा नियमच आहे, त्यामुळे त्यात वावगं काही दिसलं नाही. पण आमच्या टोप्या जाळीच्या असतात.

मी फाटकाकडे चालायला लागलो. साहेबांनी मला येताना पाहिलं आणि तिथूनच गुरुजींना फोन लावला. त्यांचा आवाज मला ऐकू येत होता. "नाही, बोलला नाहीये अजून. नुसतं दिसलंय. दिसलेलं कशात धरायचं?" मग ते ऐकत राहिले. मग माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. दिसलेलं अंदाजातच धरायचं होतं.

हंगामाच्या शेवटच्या तीन टाक्या त्या दिवशीच भरल्या होत्या. आता कानावर आलं असतं तर मला तीनच दिवस लागले असते, कारण दहा दिवस उलटून गेले होते. पण टाकीही तीनच दिवसांची असते. तीन टाक्या गेल्या तर पापुद्रे गणपतीपर्यंत पुरत नव्हते. मोहनच्या मागे, शेडच्या सावलीत, अनसूयाबाई आणि त्यांच्या बायका ताटं हातात धरून उभ्या होत्या. एकीने माझ्याकडे पाठच केली होती.

मोहन मला सांगायलाच आला होता. उद्या तेरावा. सख्ख्या धाकट्या भावाने त्याला नसावं, हे त्याच्या मनाला पटलं नसणार. ते मलाही पटत नव्हतं. त्याने तोंड उघडलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि तसाच थांबला. एक शब्द बोलला असता तर मी त्याच्याबरोबर घरी गेलो असतो. भाईंच्या घरात जमिनीवर बसून मोठ्याने रडता आलं असतं. ते मला फार हवं होतं.

"बाबा बरे आसत मां?" मी विचारलं.

मोहनने साहेबांकडे पाहिलं, शेडकडे पाहिलं.

"बरे आसत, काकानू."

"जेवतत?"

"जेवतत."

"काय तक्रार?"

हे मी विचारायला नको होतं, पण विचारलं गेलं. मोहन खाली बघून म्हणाला, "तुमी येऊक नाय म्हणान रागावतत."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तेरावा होईपर्यंत क्रियेला बसलेल्याला शिवायचं नाही हा नियम मला माहीत होता, पण कुणी क्रियेला बसलंय असं मला कुणी सांगितलेलं नव्हतं. साहेबांनी दुसरीकडे बघितलं. मी मोहनला म्हटलं, "त्यांका सांग, तीन दिवसांनी येतलंय. हंगाम संपलो काय येतलंय." तो हो म्हणाला. मग टोपी काढून साहेबांना परत द्यायला निघाला, आठवण झाली तशी पुन्हा घातली, आणि टोपीसकट रस्त्याला लागला. वळणापर्यंत तो दिसत होता.

पाच वाजले होते. मी हात कोपरापर्यंत धुतले आणि शेवटच्या तीन टाक्यांकडे गेलो. पहिल्या टाकीपाशी उभा राहिलो, कागद काढला, पेन काढलं. साली पाण्यात शांत होत्या, एकमेकींना चिकटून. मी वाट बघत राहिलो. रोज मी पोचायच्या आधी त्यांचा प्रश्न सुरू व्हायचा.

"इचारा," मी म्हटलं.

"नको," टाकीतून आवाज आला.

"कित्याक?"

त्यांच्यात थोडी कुजबुज झाली. मग एक आवाज म्हणाला, "आज तुमी वायच बसा. आज आमी काय एक इचारूचव नाय."

परिपत्रकात याला उत्तर नव्हतं. सालींनी काय ऐकलं होतं, केव्हापासून ऐकलं होतं, हे मी विचारलं नाही. तेवढं मला कळतं. मी कागदावर सही केली, वेळ टाकली आणि कठड्यावर बसलो. दुसऱ्या टाकीतून आणि तिसऱ्या टाकीतूनही काही आवाज आला नाही.

साडेपाचचा भोंगा झाला तरी मी बसून होतो. बायका ताटं आत घेत होत्या. अनसूयाबाईंनी लांबून एकदा बघितलं आणि दिवा लावून त्या घरी गेल्या.